कूलर बंद करून

नवतपा चालू होता. या नऊ दिवसांत वर्ध्यात दुपारी बाराच्या पुढे रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि दिसलाच तर ते आमचे भाऊजी असतात. सेवाग्रामहून आठ किलोमीटर सायकल मारत आले. डोक्याला ओला दुपट्टा, हँडलला झोळी, वय शहात्तर. ताई सकाळीच ऑटोने आली होती. तेव्हापासून ती त्यांच्या नावाने ओरडत होती, आणि ते दारात उभे राहिल्यावर एकदम गप्प झाली.

मी मधल्या खोलीत फरशीवर रेकॉर्ड पसरून बसलो होतो. तीनशे सोळा एलपी. दर वर्षी पावसाळ्याआधी मी त्या काढतो, पुसतो, आतली पाकिटं बदलतो. विदर्भात तबकडीला दोन शत्रू. उन्हाळ्यात ती वाकते, पावसाळ्यात तिला बुरशी धरते. बुरशी निघते, पण वाकलेली सरळ होत नाही. म्हणून या खोलीला पश्चिमेची खिडकी ठेवलेली नाही, आणि रेकॉर्ड गोदरेजच्या कपाटात न ठेवता लाकडी फळ्यांवर उभ्या ठेवल्या आहेत. आडव्या कधीच नाही. नागपूरहून एसटीच्या लाल डब्यात खिडकीशी बसून आणलेली एक एलपी सेलूपर्यंत येता येता पापडासारखी झाली होती, तेव्हापासूनची ही शिस्त.

भाऊजींनी पाणी प्यायलं, खोलीभर नजर फिरवली. "हे अजून आहेच काय?"

"वाढलंय."

"असंग्रह," ते म्हणाले. एवढंच.

एकादश व्रतांतला हा शब्द आश्रमाच्या प्रार्थनेत रोज येतो. भाऊजींचं आयुष्य खादीच्या कामात गेलं. त्यांच्या घरात दोन खुर्च्या, चार जोड कपडे आणि एक पेटीचरखा. माझं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं, आणि पगारातला जो भाग बायकोच्या हिशेबात आला नाही तो या फळ्यांवर उभा आहे. आमचा वाद चाळीस वर्षं जुना. पण तो नेहमी जेवणाच्या ताटावर सुरू होऊन ताकाबरोबर संपायचा. या वेळी मला तो संपवायचा नव्हता, कारण आदल्या रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला होता. बाबा, तुमच्यानंतर या सगळ्याचं काय करायचं, असं त्याने विचारलं होतं. फार गोडीत विचारलं, म्हणून जास्त लागलं.

"त्याचं काय चुकलं?" भाऊजी म्हणाले. "तू मेल्यावर त्याला हे सगळं वाहावं लागेल. वस्तू ज्याची असते त्याच्याच डोक्यावर बसते असं नाही. दुसऱ्याच्याही बसते."

"तो म्हणतो, सगळं मोबाइलवर आहे. कशाला ठेवता?"

वाटलं, आता भाऊजी त्याचीच बाजू घेणार. पण ते म्हणाले, "मोबाइलवर सगळं असणं हा अपरिग्रह कसा? जगातलं सगळं गाणं खिशात घेऊन फिरून राहिला तो. तुझ्यापाशी तीनशे सोळाच आहेत. तुझा लोभ निदान मोजता येतो."

ही माझी बाजू होती की माझ्यावरचा आरोप, ते मला अजून कळलेलं नाही.

वाचकाला एव्हाना वाटत असेल की या तीनशे सोळांत बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ असतील. आहेत, पंधरावीस. बाकी सारा प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे प्रोग. १९६९ ते १९७७ च्या आसपास इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांचं गाणं पुरेनासं झालं. चर्चमधला ऑर्गन, बाखच्या स्वररचना, जॅझ आणि विजेची गिटार एकत्र करून त्यांनी वीस-वीस मिनिटांच्या रचना बांधल्या. एलपीची एक बाजू म्हणजे एक रचना. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड ही त्यातली मोठी घराणी. पुढे पंक आलं आणि त्याने यांना म्हातारे ठरवलं. तेव्हा यांची वयं तिशीच्या अलीकडे-पलीकडे होती.

हे वर्ध्यात कसं आलं? रेल्वेने. मुंबई-हावडा लाइनवर आमचं जंक्शन, आणि दिल्ली-मद्रास लाइनही इथेच येऊन मिळते. गांधीजींना हे गाव सोयीचं पडलं त्यात या रुळांचाही वाटा असणार, आणि मलाही त्यांनीच बिघडवलं. हावडा मेलने पश्चिमेला गेलं की साडेसातशे किलोमीटरवर मुंबई, तिथे तेव्हा काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस होतं, आणि चोर बाजार. त्याच मेलने पूर्वेला गेलं की बाराशे किलोमीटरवर कलकत्ता आणि फ्री स्कूल स्ट्रीटवरची जुन्या रेकॉर्डची दुकानं. जीटी एक्सप्रेसने दक्षिणेला मद्रासचं मूर मार्केट, ते १९८५ मध्ये जळालं. नव्या एलपी दमदमच्या कारखान्यात छापलेल्या मिळायच्या, पण त्यांत प्रोग फार थोडं. परदेशी प्रत हवी असेल तर कोणाच्या तरी घरातून बाहेर पडलेली जुनीच शोधावी लागे. बँकेची एलटीसी मी तीर्थयात्रेला कधीच वापरली नाही.

"म्हणजे भीक मागून जमवलं," भाऊजी म्हणाले.

"मधुकरी म्हणा."

ताई चहा आणि गोरसपाकाची बशी घेऊन आली. फरशीवरच्या एका कव्हरकडे पाहून तिने बशी उंच धरली. "हा मेला अजून आहे घरात?"

किंग क्रिमसनची पहिली एलपी, १९६९ सालची. कव्हरभर एक लाल-गुलाबी चेहरा, नाकपुड्या फुगलेल्या, तोंड वासलेलं, डोळा कोपऱ्यात गेलेला. मी ती आणली तेव्हा आईने दोन दिवस सहन केली आणि तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून ठेवली. ज्याने तो चेहरा रंगवला तो बॅरी गॉडबर कॉम्प्युटरवर काम करणारा पोरगा होता. आरशात स्वतःकडे पाहून त्याने हे चित्र काढलं, आणि एलपी निघाल्यावर काही महिन्यांतच चोविसाव्या वर्षी गेला. ताईला हे मी पहिल्यांदाच सांगितलं. तिने कव्हर हातात घेतलं, जरा वेळ पाहिलं आणि पदराने पुसून ठेवलं.

"अजून एक सांगू काय?" ती म्हणाली. "ते पेपरवालं मीच रद्दीत दिलं होतं. आईने नाही."

जेथ्रो टलची 'थिक अ‍ॅज अ ब्रिक', १९७२. दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, आणि कव्हर म्हणजे बारा पानांचं खोटं वर्तमानपत्र. बातम्या, जाहिराती, शब्दकोडं सगळं. कलकत्त्याहून आणलेलं. माझ्याकडे तबकडी आहे, वर्तमानपत्र नाही, आणि चाळीसहून जास्त वर्षं मी त्याबद्दल आईवर रुसलो होतो. ती गेली तेव्हाही कुठेतरी तो रुसवा शिल्लक होता.

"पाहिलं?" भाऊजी म्हणाले. "एका कागदापायी माणूस आईवर रुसतो. मग विनोबांनी कविता जाळल्या त्यात काय चूक केली? लिहायचे आणि विस्तवात टाकायचे. काशीला गेले तर गंगेत टाकल्या. शाळेची सर्टिफिकिटंसुद्धा चुलीत घातली."

"पण गीताई नाही घातली चुलीत. गोपुरीत दगडांवर कोरून उभी आहे सगळी."

"ती दुसऱ्यांनी कोरली."

"तेच म्हणतो मी. कोणीतरी दुसरा जपतो म्हणून राहतं. बापूंनी स्वतः काय ठेवलं? चष्मा, घड्याळ, चपला. पण त्यांच्या चिठोऱ्या लोकांनी जपल्या म्हणून इंग्रजीत शंभर खंड झाले. मुंबईत १९९० साली सुरेश चांदवणकर आणि मंडळींनी जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था काढली. लोक माळ्यावरच्या तबकड्या भंगारात घालत होते, हे लोक त्या सोडवून आणत होते. आपल्या नाटकवाल्यांचे आवाज ऐकू येतात ते अशा संग्राहकांमुळेच."

"ते आपले आवाज होते. आपण नाही जपले तर कोण जपणार? तुझ्या या इंग्रजांना जपायला इंग्लंड आहे नं. तिथे काय कमी पडून राहिलं?" मग जरा थांबून, "आणि शंभर खंडांचं म्हणशील, तर ते वाचले किती जणांनी? तू या तीनशे सोळांतल्या किती वाजवतो वर्षभरात?"

मी खरं ते सांगितलं. चाळीसेक.

"मग बाकीच्यांचा तू मालक नाहीस. चौकीदार आहेस."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी दुसरीकडून गेलो. म्हटलं, रेकॉर्ड बापूंचीही निघाली होती. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेले असताना लंडनच्या पूर्व भागात किंग्सली हॉलमध्ये राहत होते, तिथे कोलंबिया कंपनीने त्यांचं ईश्वरावरचं भाषण मुद्रित केलं. त्याच वर्षी कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एक होऊन ईएमआय झाली होती. पुढे १९६७ मध्ये बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'च्या कव्हरवर जी गर्दी उभी केली, तिच्यात गांधीजी होते. ईएमआयच्या साहेबांनी भारतातला धंदा बिघडेल या भीतीने त्यांना काढायला लावलं. परमहंस योगानंद मात्र राहिले. ज्या घराने बापूंचा आवाज विकला, त्यानेच त्यांचा चेहरा पुसला.

"बापूंनी रेकॉर्ड केली," भाऊजी शांतपणे म्हणाले. "जमवली नाही. आणि कव्हरवरून काढलं ते बरंच झालं. तेवढा एक पसारा कमी."

पण योगानंदांचं नाव निघाल्यावर माझ्या हाती पत्ता आला होता. मी येसची 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' काढली. १९७३. दोन तबकड्या, चार बाजू, चार रचना. या एलपीइतक्या शिव्या प्रोगमधल्या फार थोड्या एलपींनी खाल्ल्या असतील. लांबण लावली, फुगवटा आहे, असं सगळे म्हणाले. त्यांचा पेटीवाला रिक वेकमन तर कंटाळून पुढच्या वर्षी बँड सोडून गेला. (त्यानेच १९७५ मध्ये लंडनला राजा आर्थरची कथा बर्फावर नाचणाऱ्यांसकट उभी केली आणि पैसे बुडवले. ताई म्हणाली, बर्फावर ना, या उन्हात ऐकायलाही बरं वाटते.) तर या चार बाजू कशावर? श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र. गायक जॉन अँडरसनने टोकियोच्या हॉटेलात योगानंदांचं आत्मचरित्र वाचलं, त्यातल्या शास्त्रांबद्दलच्या एका तळटिपेवरून त्याला ही सगळी रचना सुचली.

"आणि भाऊजी, त्याच पुस्तकात एक अख्खं प्रकरण वर्ध्याचं आहे. ऑगस्ट १९३५. योगानंद मगनवाडीत उतरले. बापूंचा मौनाचा वार होता, म्हणून त्यांनी चिठोऱ्यावर लिहून स्वागत केलं. पंगतीत कडुनिंबाचा पाला वाटून वाढला होता. बापूंनी त्यांच्याकडून क्रियायोग शिकून घेतला."

भाऊजींना ते प्रकरण ठाऊक होतं. हे नव्हतं, की त्याच पुस्तकाच्या एका तळटिपेतून विलायतेत ऐंशी मिनिटांचा गोंगाट निघाला. ते हसायला लागले, ठसका लागेपर्यंत हसले.

"म्हणजे आपलंच कडुनिंब साखर लावून आपल्याला विकून राहिले ते."

"साखर नाही लावली. म्हणून तर शिव्या खाल्ल्या."

मग त्यांनी कव्हर उलगडून पाहिलं. रॉजर डीनचं चित्र, निळ्या-हिरव्या समुद्रतळावर मासे, दूर एक देवळासारखं काही. पाच मिनिटं पाहत होते. माझी बाजू जड होत चालली असं मला वाटलं, आणि मी नेहमीची चूक केली. म्हणालो, "आपल्या ख्यालासारखंच आहे हे. वेळ घेऊन उलगडत जातं."

"नाही," ते एकदम सावरून बसले. "ख्याल रोज नवा असतो. गवय्याला उद्या काय सुचेल ते त्यालाही माहीत नसतं. तुझी तबकडी दर वेळी तीच. त्याच जागी तीच खोक. ख्यालाचं नाव घेऊ नकोस. पाहिजे तर भजनाचं घे. आम्हीही रोज तेच म्हणतो."

हे बोलताना ते मांडीवर बोटं आपटत होते. तरुणपणी ते खंजिरी वाजवत. तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेली ती पिढी. मला एक सुचलं. मी पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून' काढली. माझी दमदमची छपाई. मुंबईहून आणली, तेव्हा घरात एचएमव्हीचा फिएस्टा होता, आणि त्याच्या डबा-स्पीकरवर ती ऐकून मी रात्रभर जागा होतो. अमेरिकेच्या यादीत ही १९८८ पर्यंत ७४१ आठवडे राहिली. तिच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं पैशांवर आहे, म्हणून बँकवाल्याला जवळचं.

"फक्त बोटं लावा," मी म्हटलं. "शब्द सोडून द्या."

सुरुवातीला नाण्यांचा खुळखुळाट, कागद फाडल्याचा, गल्ला उघडल्याचा आवाज. टेपचे तुकडे फुटपट्टीने मोजून कापले, जोडले आणि त्यांची माळ करून फिरवली. सात आवाज, पुन्हा सात. भाऊजींनी दोन फेऱ्या ऐकल्या आणि तिसऱ्याला बोटं बरोबर पडली. "रूपक," ते म्हणाले. रूपकच असं मी म्हणणार नाही, सम आणि खालीचा हिशेब तिथे नाही. पण मात्रा सातच. गाणं झालं, सॅक्सोफोन झाला, बोटं सातावर चालली. मग गिटार सुरू झाली आणि बोटं अडखळली.

"हा सरळ कसा झाला?"

"चारात गेला."

"सांगितलंही नाही आणि बदललं." त्यांना ते आवडलं होतं, पण कबूल केलं नाही. म्हणाले, "आपल्या खंजिरीवाल्याने हे केलं असतं तर महाराजांनी उठवून दिलं असतं."

ताईने आतून विचारलं, "त्यांना जे वाजवायचं ते वाजू द्या, पण साबुदाणा कोण भिजवून राहिलं?" आम्ही दोघंही गप्प बसलो. असंग्रह असो की संग्रह, या घरात आणि त्या घरात साबुदाणा भिजवायचं काम एकाच बाजूला आहे, हे ती अधूनमधून आठवून देते.

साबुदाणा मी भिजवला. परत आलो तर भाऊजी मलमलीचा तुकडा घेऊन एक रेकॉर्ड पुसत होते. खाचांच्या दिशेने. मी शिकवलं नव्हतं, पाहून घेतलं असावं. त्यांच्या झोळीत खादीचा रुमाल होता, तो त्यांनी मुद्दाम वापरला नव्हता. "आपल्या कापडाचे धागे सुटतात," ते म्हणाले. "ओरखडे पडतील याच्यावर." आणि मग, हात न थांबवता, "एक वाजव. तुझ्या मते सगळ्यात चांगलं. पूर्ण ऐकतो."

"कूलर बंद करावा लागेल."

कारण या संगीतात एकदम मोठं आणि एकदम बारीक असं फार आहे, आणि आमच्या कूलरच्या घरघरीत बारीक सगळं बुडतं. नवतप्यात दुपारी तीनला कूलर बंद करणं हा विदर्भात गुन्हा मानला जातो. ताईने कपाळाला हात लावला, पण तीही येऊन बसली. मी बटण दाबलं. पाण्याचा पंप थांबला, पंखा मंद होत थांबला, आणि खोलीत उन्हाचा आवाज ऐकू यायला लागला.

येसची 'क्लोज टू द एज', १९७२. पहिली बाजू साडेअठरा मिनिटांच्या वर, एकच रचना. तिच्या मुळाशीही एक पुस्तकच आहे, हेर्मान हेसेचं 'सिद्धार्थ', नदीकाठी बसून ऐकणाऱ्या माणसाची गोष्ट. भाऊजींना मी ते सांगितलं नाही. पवनारला धाम नदीकाठी त्यांनी किती सकाळी काढल्या आहेत ते मला माहीत आहे. सांगितलं असतं तर ते ऐकण्याऐवजी जुळवत बसले असते.

सुरुवात पाण्याच्या झुळझुळीने आणि पाखरांच्या किलबिलाटाने होते. भाऊजी उठून खिडकीशी गेले. "या उन्हात कोणतं पाखरू बोलून राहिलं?" कडुनिंबावर काही नव्हतं. ते परत वळतात तोच गिटार, ड्रम, ऑर्गन सगळे एकदम अंगावर आले आणि ताई दचकून "अगं बाई" म्हणाली. भाऊजी मात्र पुन्हा मांडी घालून बसले. बोटं मांडीवर ठेवली, मोजायचा प्रयत्न केला, सोडून दिला. घामाचे ओघळ त्यांच्या कानामागून गळ्यावर येत होते. मी पंखा लावू का असं खुणेने विचारलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

मध्यावर सगळं शांत होतं. दोन आवाज एकमेकांवरून हळू सरकत राहतात, आणि मग चर्चचा मोठा ऑर्गन येतो. तो लंडनच्या एका जुन्या चर्चमध्ये जाऊन मुद्रित केला आहे. पन्नास वर्षं मी या जागेची वाट पाहत ऐकतो. भाऊजींचे डोळे मिटलेले होते. ऑर्गन चढत चढत वर गेला, आणि लाइट गेली.

आवाज क्षणभर जाड झाला, घोगरा झाला, मेला. तबकडी जराशी फिरत राहिली आणि सुई खाचेत तशीच बसून राहिली. इन्व्हर्टरवर फक्त एक पंखा आणि एक बल्ब आहे. कोणी उठून पंखा लावला नाही. बाहेर कुठेतरी जनरेटर सुरू झाला. ताई पदराने वारा घेत होती, पण बोलत नव्हती.

वीसेक मिनिटांनी लाइट आली. तबकडी गुरगुरत वेग घ्यायला लागली, ऑर्गन खालून वर सरकत आपल्या जागी येऊन बसला. मी घाईने उठलो, सुई उचलली.

"असू दे नं," भाऊजी म्हणाले. "राहिलं तिथून चालू दे."

मी सुई पुसली आणि पहिल्यापासून लावली.